न हसणाऱ्या मुलीची खुर्ची

मी एका चित्रपटगृहातली जुनी खुर्ची आहे. बसलं की खाली जाते, उठलं की स्प्रिंगच्या जोराने वर येते. स्वस्थ राहणं माझ्या घडणीतच नाही.

मित्रांनो, पडद्यापेक्षा मला माणसांच्या पाठी जास्त कळतात. खरं हसू कमरेतून उठतं आणि माझी स्प्रिंग दाबतं. ओढूनताणून आणलेलं हसू गळ्यातच संपतं. नवी होते तेव्हा माझ्यावर बसायला भावंडं भांडायची. पुढे माझं रेक्झिन फाटलं, स्प्रिंग करकरू लागली. झाडणाऱ्या मावशी म्हणायच्या, "ही माझ्या सासूची सख्खी बहीण! सारखी कुरकुर."

एका रविवारी एक गाजलेला विनोदी चित्रपट पुन्हा लागला. माझ्यावर एक शाळकरी मुलगी बसली, शेजारी तिचे बाबा. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. लेकीला हा चित्रपट मोठ्या पडद्यावर दाखवायचा म्हणून त्यांनी ते बंद ठेवलं होतं.

"आता बघ हं! आता तो कपाटात लपतो, आणि पाहुणा नेमका तिथेच कोट टांगायला येतो!" बाबा प्रत्येक प्रसंग आधीच सांगून टाकायचे.

सगळं चित्रपटगृह खदखदून हसलं. माझी स्प्रिंग मात्र हसण्याने एकदाही दाबली गेली नाही. मुलगी कधी पाय वर घ्यायची, कधी कूस बदलायची, आणि प्रत्येक वेळी मी करकरायचे. बाबांनी कोपराने ढोसलं की ती "हा हा" करायची. तेवढं गळ्यातलं.

मध्यंतरात बाबांनी विचारलं, "आवडला ना?"

"हो," म्हणत तिने पुन्हा कूस बदलली. मी करकरले.

"खरं सांग."

"तुम्हाला वाईट वाटेल."

"नाही वाटणार." पण त्यांची बोटं माझ्या लाकडी हातावर घट्ट झाली होती.

"बाबा, ते कपाटाचं तुम्ही जास्त भारी करता. स्वयंपाकघराच्या दारामागे, टॉवेल घेऊन. हा माणूस किती सावकाश करतो! आणि मला सगळं आधीच पाठ आहे."

बाबा बराच वेळ पुसलेलाच चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मीच घोळ घातला म्हणायचा! बरं, आता तोंडातून चकार शब्द काढणार नाही."

उत्तरार्धात त्यांनी ओठ गच्च मिटले. तो पाहुणा पुन्हा कोट घेऊन कपाटाकडे निघाला, तसे बाबांचे गाल फुगले, कान लाल झाले, आणि शेवटी राहवलं नाही. पाहुण्याचं वाक्य ते त्याच्या आधीच कुजबुजले, अगदी घरच्या आवाजात.

त्याच क्षणी माझी स्प्रिंग खोलवर दाबली गेली. एकदा, दोनदा, पुन्हा. मुलीचं तोंड पडद्याकडे नव्हतंच.

मित्रांनो, माझ्या स्प्रिंगला कधीतरी तेल घाला. आणि शेजारचं माणूस हसलं नाही, तर त्याला ढोसू नका. विचारा, आणि सांगेल ते ऐकून घ्या.

जाताना सगळ्या खुर्च्या धाडधाड मिटल्या. त्या मुलीने मात्र मला हाताने धरून हळूच वर नेलं. मी करकरलेही नाही.