न झाडलेल्या एकवीस बंदुका

ऑर्व्हल ट्वेट फेब्रुवारीत गेला. त्याच्यामागे बायको आर्डिथ, मुलगी मार्नी आणि तळघरात एकवीस बंदुका राहिल्या. धान्यकोठारावर चाळीस वर्षं गव्हाची धूळ खाऊन माणसाने एवढंच साठवलं होतं.

पण त्या साध्यासुध्या बंदुका नव्हत्या. खालची कडी ओढून काडतूस भरायच्या त्या जुन्या पद्धतीच्या रायफली. मात्र प्रत्येक कशाच्या ना कशाच्या स्मरणार्थ काढलेली. कुठली राज्याच्या शंभरीची, कुठली गुराख्यांची, कुठली रेल्वेची. बाजूला सोनेरी मुलामा, दस्त्यात नाण्याएवढं पदक, सोबत छापील प्रमाणपत्र. आणि खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, मर्यादित आवृत्ती. ऑर्व्हलने एकीतूनही कधी गोळी झाडली नाही. हरणाच्या शिकारीला तो आपली जुनी, ओरखड्यांनी भरलेली रायफल न्यायचा. या एकवीस मात्र दर वसंतात, हातात पांढरे सुती मोजे घालून, एकेक बाहेर काढायचा, तेलाचा हात फिरवायचा आणि परत निजवायचा. तान्ह्या पोराचंही कुणी इतकं करत नाही.

"ही माझी पेन्शन," तो म्हणायचा. "झाडली की संपली. कोरी ठेवली की सोनं."

मार्नीला त्यातली एक गोष्ट ठाऊक होती, जी दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही असं ती चोवीस वर्षं समजत होती. एकवीसमधली एक कोरी नव्हती.

एकोणनव्वद साली तिला मिझूलाच्या कॉलेजात नर्सिंगसाठी प्रवेश मिळाला होता. खर्चाचं निघालं तेव्हा ऑर्व्हल म्हणाला, पैसा बंदुकांत अडकलाय, आत्ता विकणं म्हणजे हिरवं पीक कापणं. दोनेक वर्षं थांब, भाव चढतायत. दुसऱ्या दिवशी दुपारी बाप कामावर असताना ती तळघरात उतरली, हाताला आली ती बंदूक उचलली, बापाच्याच शिकारीच्या काडतुसांतली बारा खिशात टाकली आणि घरामागच्या घळीत गेली. समोर मातीचा कडा होता. तिने बाराच्या बारा गोळ्या त्या कड्यात घातल्या. मग सदऱ्याने बंदूक पुसली आणि होती तशी खोक्यात ठेवली. घाईत खोक्याचा एक कोपरा फाटला. घरात कुणी चकार शब्द काढला नाही. ऑगस्टमध्ये ती गावातल्या वृद्धाश्रमात धुलाईच्या कामाला लागली. नर्स झाली ती तेहतिसाव्या वर्षी, स्वतःच्या हिमतीवर, रात्रपाळ्या करून. बापाशी बोलणं तुटलं नाही; पण हवा-पाणी आणि गाडीचं तेल यापलीकडे गेलंही नाही.

एप्रिलमध्ये आर्डिथ म्हणाली, "आता विकू या त्या. मला हे चौदा पायऱ्यांचं घर झेपत नाही. बिलिंग्जला एखादं छोटं घर घेते. तुझे बाबा म्हणायचे, एकेकीचे तीन हजार डॉलर कुठे गेले नाहीत."

"बाबा बरंच काही म्हणायचे," मार्नी म्हणाली.

मायल्स सिटीच्या जत्रेच्या मैदानावर शनिवारी बंदुकांचा बाजार होता. आर्डिथने पारखून घ्यायला सहा खोकी निवडली. गाडीत ठेवताना मार्नीने पाहिलं, पाचव्या खोक्याचा कोपरा फाटका होता. "हे राहू दे की," ती म्हणाली. "का? यावरचं चित्र सगळ्यांत छान आहे," आर्डिथ म्हणाली आणि ते खोकं तिने स्वतःच उचललं.

दारावरच्या माणसाने एकेक बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, कडीला प्लास्टिकची पट्टी आवळली आणि आत सोडलं. आत टेबलांच्या रांगा होत्या; तेलाचा, कॉफीचा आणि वाळवलेल्या मांसाचा एकत्र वास येत होता. कोपऱ्यात वेंडेल फॉस बसला होता. वय ब्याऐंशी, कानात यंत्र, कमरेला रुंद पट्टा. पूर्वी गावात त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि एकवीसमधल्या चौदा बंदुका त्यानेच ऑर्व्हलला विकल्या होत्या.

"आर्डिथ! ये, बस," तो उठत म्हणाला. "ऑर्व्हलच्या वेळी गुडघ्यामुळे येता आलं नाही गं. आणि ही मार्नी ना?"

खोकी टेबलावर आली. वेंडेलने पहिलं उघडलं, प्रमाणपत्र पाहिलं, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसला.

"सरळ सांगू की गोड करून?"

"गोड करायला तू काय केक विकतोयस?" आर्डिथ म्हणाली. "सरळ सांग."

"सातशे. फार तर साडेसातशे. खोकं, कागद, सगळं धरून."

आर्डिथने आधी मुलीकडे पाहिलं, मग खोक्याकडे. "सगळ्यांचे?"

"छे गं, एकीचे."

"पण यावर मर्यादित लिहिलंय."

"लिहिलंय खरं. अशा लाखभर काढल्या होत्या. लाख हीसुद्धा मर्यादाच की. आणि गंमत अशी, ज्याने घेतली त्याने ती पलंगाखाली ठेवली. कुणी वापरली नाही, कुणी मोडली नाही, कुणाची नदीत पडली नाही. लाखच्या लाख कोऱ्या आहेत आणि घेणारे म्हातारे झाले. जुन्या साध्या रायफली लोकांनी वापरून वापरून संपवल्या, म्हणून त्यांतली बरी राहिलेली आज महाग."

"अडुसष्ट साली बाबांनी ही एकशेतीसला घेतली होती," मार्नी म्हणाली. "सातशे म्हणजे पाचपट तरी झाले."

"तेव्हाच्या एकशेतीसमध्ये जे यायचं त्याला आज साडेआठशे पडतात. आकडा वाढला पोरी, बंदूक नाही वाढली."

मार्नीचा आवाज चढला. "मग तुम्ही का विकल्यात त्यांना? दुप्पट होतील, चौपट होतील, हे तुम्हीच सांगायचात ना? मी दुकानात उभी असायचे, मिस्टर फॉस. या कानांनी ऐकलंय."

शेजारच्या टेबलावरचा माणूस मुद्दाम दुसरीकडे पाहू लागला. वेंडेलने मान हलवली.

"सांगितलं. कंपनीचा माणूस मला सांगायचा, मी ऑर्व्हलला सांगायचो. माझा विश्वास होता. माझ्या घरी अकरा आहेत अजून, कुणी घेतंय का बघ."

मार्नीने पुढचं खोकं त्याच्याकडे सरकवलं. वेंडेल एकेक बंदूक बघत गेला. पाचवी हातात घेतल्यावर त्याने पट्टी कापली, कडी खाली ओढली, मागच्या बाजूने पांढरा कागद धरला आणि नळीतून पाहिलं. मार्नीने हात पाठीमागे घेतले. बेचाळीस वर्षांची बाई, दोन पोरांची आई, आणि शाळेत पकडल्यासारखी उभी.

"ही ती," वेंडेल म्हणाला. "झाडलेली. हिचे साडेतीनशे."

"शक्यच नाही," आर्डिथ म्हणाली. "ऑर्व्हल यांना मोज्याशिवाय हात लावत नव्हता!"

"मी झाडली," मार्नी म्हणाली. "मिझूलाचं फिसकटलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

आर्डिथ तिच्याकडे वळली.

"मला कल्पना होती," वेंडेल म्हणाला. "पुढच्या वसंतात ऑर्व्हल ही घेऊन दुकानात आला. म्हणाला, झाडलेलीची किंमत किती उतरते? म्हटलं, निम्मी. कुणी झाडली? म्हणाला, मीच, राहवलं नाही. आणि मग सांगत काय बसला, तर घळीतल्या कड्यात बारापैकी दहा गोळ्या एका बशीएवढ्या जागेत आहेत, स्वतः जाऊन मोजल्या. दोनदा सांगितलं मला." वेंडेल हसला. "अगं, ऑर्व्हलला कोठाराच्या आत उभं करून कोठाराची भिंत मारायला सांगितली असती तर चुकली असती. त्याच्या दहा गोळ्या बशीत? मी तेव्हाच ओळखलं, ही पोरीची."

मार्नीला हसू आलं नाही. तिच्या मनात आलं, म्हणजे त्याला माहीत होतं. दर वसंतात ही हातात घ्यायचा, तेल लावायचा आणि वर येऊन जेवायला बसायचा, माझ्यासमोर.

"माहीत होतं तर बोलले का नाहीत?" तिने आईला विचारलं, जणू आईच्या खिशात उत्तर होतं.

आर्डिथने थोडा विचार केला. "बोलला असता तर चूक कुणाची, तेही बोलावं लागलं असतं. मग तुला पाठवावंच लागलं असतं. तो घाबरट होता, मार्नी. चांगला होता, पण घाबरट होता. आणि मीही तेव्हा तोंड उघडलं नाही, ते कुठे ठेवू?"

तेवढ्यात मागे उभा असलेला एक गुरंवाला पुढे आला. खोगिराला बांधायला त्याला रायफल हवी होती. "कोरी घेतली तर बायको काचेत ठेवेल," तो म्हणाला. "ही झाडलेली म्हणताय ना? साडेतीनशे देतो."

"तुझी आहे," आर्डिथ मुलीला म्हणाली. "हवी तर ठेव."

मार्नीने बंदूक उचलली. आठवणीतल्यापेक्षा ती हलकी होती. खांद्याला लावावीशी वाटली, पण लावली नाही. आपण बापाला माफ केलंय की नाही हे तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं. मात्र ही वस्तू कपाटात ठेवून दर वसंतात तेल लावत बसायचं नाही, एवढं पक्कं कळलं.

"घेऊन जा," ती गुरंवाल्याला म्हणाली. "जरा उजवीकडे मारते, ध्यानात ठेवा."

त्या पैशांतून तिने तिघांसाठी राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल आणले. वेंडेलने दोन रोल खाल्ले.

बाकीच्या वीस जूनमध्ये बिलिंग्जच्या लिलावात गेल्या. बहुतेक सहा-सातशेच्या आसपास सुटल्या. एकीला मात्र चोवीसशे आले; गुरं पाळणाऱ्यांच्या एका जिल्हा संघाने फक्त तीनशे काढल्या होत्या, त्यांतली ती, आणि ऑर्व्हलला ती सोडतीत फुकट लागली होती. लिलाववाल्यांचा वाटा जाऊन साडेतेरा हजार हातात आले. घर काही झालं नाही. आर्डिथने बिलिंग्जलाच, मार्नीच्या दवाखान्यापासून दहा मिनिटांवर तळमजल्याची दोन खोल्यांची जागा भाड्याने घेतली.

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मिसेस हॉगनने दोघींना कॉफीला बोलावलं. भिंतभर फळ्यांवर चिनी मातीच्या ताटल्या मांडल्या होत्या. कशावर राजघराण्याचं लग्न, कशावर चंद्रावरचं यान.

"एकेकीवर क्रमांक आहे," मिसेस हॉगन म्हणाल्या. "भाव चढतोच आहे म्हणे. मी तर धुळीशिवाय काही लागू देत नाही."

मार्नीने आईकडे पाहिलं. आर्डिथने एक ताटली वाकून नीट न्याहाळली.

"सुरेख आहेत," ती म्हणाली. "रविवारी मी कोंबडी भाजणार आहे. यांतल्या तीन घेऊन या जेवायला."