ओठांत टाचण्या

धाकट्या बहिणीचं पुस्तक छापून आलं आणि ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. तुम्ही म्हणाल, सख्खी बहीण, कौतुक नको का? कौतुक कसलं! ताईच्या जागी बसून ते वाचलं असतंत, म्हणजे कळलं असतं.

ताईचं दुकान कपडे आखूड-सैल करून देण्याचं. पँटी, झगे खालून कापायचे आणि उरलेल्या पट्ट्या टोपलीत टाकायच्या. लेक लहान असताना रडायला लागली की ताई त्याच पट्ट्या टेबलावर चालवायची. हा बघ मास्तरांचा तुकडा, आपली पँट शोधायला निघालाय बिचारा. धाकटी तेव्हा स्टुलावर बसून नुसता चहा ढोसायची. आणि आता तिच्या कादंबरीत काय, तर कापलेल्या पट्ट्यांचं अख्खं राज्य! पट्ट्या आपापलं माणूस शोधत खडूच्या धुक्यातून जातात, कात्रीचा पूल ओलांडतात. आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या बाईसाहेबांनी. वर एक मुकी राणी घातलीय, जिच्या ओठांत कायम टाचण्या. काम करताना ओठांत टाचण्या कोण धरतं, हे दुकानात आलेलं कुठलंही गिऱ्हाईक सांगेल.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. लेक ते पुस्तक उशाशी घेऊन झोपायची आणि शाळेत सांगत सुटली होती, असलं डोकं फक्त माझ्या मावशीला. मास्तरांचा तुकडा ती पार विसरली होती. ताईला दुसरं काही नको होतं हो. लेकीने एकदा म्हणावं, आई, हे तर तुझं होतं. तेवढ्यासाठी तिचा जीव तुटत होता.

अशात धाकटी आली, पुस्तकाच्या समारंभासाठी घेतलेला निळा पायघोळ झगा घेऊन. लांब होतोय, तुझ्याच हातून करून हवा, म्हणाली आणि आरशापुढे अनवाणीच उभी राहिली. उंच टाचांच्या चपला पिशवीत तशाच. आता या धंद्यातला पहिला धडा हाच, की घालायच्या चपला पायात असल्याशिवाय उंचीची खूण करायची नाही, नाहीतर टाचा चढल्या की कपडा आखूड पडतो. ताई गिऱ्हाइकाला दारातच विचारते. त्या दिवशी तिने ओठांत टाचण्या धरल्या आणि चकार शब्द काढला नाही. धाकटी पुढच्या पुस्तकाबद्दल बडबडत होती, ताई हं हं करत खुणा करत होती. बहिणीची पाठ वळताच तिने झगा चांगला चार बोटं जास्त कापला. मिरव म्हणावं आता चार लोकांत घोटे दाखवत.

लेक तिथेच बटणं निवडत बसली होती.

"मावशीला चपला घालायला नाही सांगितलंस तू," ती म्हणाली.

ताईने घाईघाईने पुन्हा टाचण्या तोंडात घातल्या. लेक उठली आणि तिने आईच्या हनुवटीखाली तळहात धरला, पुस्तकातली मुलगी शेवटी राणीपुढे धरते तसा.

"काढ."

ताईने एकेक करून टाचण्या त्या हातावर ठेवल्या.

"जळते मी तिच्यावर," ती म्हणाली. "मास्तरांच्या तुकड्याला पहिल्यांदा मी चालायला लावलं होतं. तुझ्यासाठी."

लेक टोपलीपाशी जाऊन बसली. टोपलीतून निळी पट्टी शोधून तिने मशीनवर आणून ठेवली. ताईने ती झग्याला परत जोडली. शिवण काही लपली नाही.

धाकटी तोच झगा घालून व्यासपीठावर उभी राहिली. खालून आडवी शिवण लांबूनही दिसत होती, आणि ती घरीच पाहूनही धाकटीने ताईला काही विचारलं नव्हतं. कुणीतरी उठून विचारलं, हे सगळं सुचतं कुठून? ताई खुर्चीत सावरून बसली. आता घेईल नाव. धाकटी हसली आणि म्हणाली, असंच, रोजचं बघता बघता. टाळ्या पडल्या. ताईचे हात मांडीवरच राहिले.

तेवढ्यात लेक तिच्या कानाशी वाकली.

"आई, मास्तरांच्या तुकड्याला त्याची पँट सापडली का गं शेवटी?"