समोरच्या गाडीचा वेग

माझ्या रविवारच्या वर्गात वयाने सर्वांत मोठे एक गृहस्थ होते, बावन्न वर्षांचे, आणि आवाजानेही तेच सर्वांत मोठे. चोवीस वर्षं अ‍ॅम्ब्युलन्स चालवत होते, म्हणून बाकीचे त्यांना सायरन म्हणायचे. ज्यांची शाळा अर्ध्यात सुटली अशा मोठ्या माणसांना गणित शिकवायचं, हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. शिंप्याच्या दुकानावरची खोली, एक फळा, सहा बाकं आणि खालून शिलाई मशीनची खडखड.

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते.

अंतर, वेग आणि वेळेची उदाहरणं सुरू केली तेव्हा वाटलं, इथे तरी हे गृहस्थ बाजी मारतील. आयुष्यभर दुसरं केलंय काय त्यांनी? पण त्यांनी माझाच घाम काढला. "आगगाडी ताशी साठ किलोमीटर वेगाने जाते" म्हटलं की विचारायचे, "बाई, वाटेत सिग्नल किती?" वेग क्ष धरा म्हटलं की म्हणायचे, "धरायचा कशाला? समोर काटा असतो की!" वर्ग हसायचा आणि माझ्या हातातला खडू मोडायचा.

एका चुकीचं मात्र मला हसू येईना. दोन गाड्या समोरासमोर येत असल्या की हे दुसऱ्या गाडीचा वेग हमखास शून्य लिहायचे. पुस्तकात ढळढळीत 'ताशी चाळीस' छापलेलं असायचं, आणि यांच्या वहीत शून्य. सातव्यांदा तेच दिसलं तेव्हा वर्ग सुटून सगळे गेले होते. माझा पारा चढला.

"अहो, ती काय बंद पडलीय? तीही चालतेय ना! दोन्ही गाड्या एकमेकींकडे येतायत, म्हणून वेगांची बेरीज करायची!"

त्यांनी वही जवळ ओढली. मग इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं.

"बाई, आमच्यात समोरचा थांबलेलाच असतो. फोन आला की आम्ही पहिलं हेच सांगतो. पेशंटला हलवू नका, आहात तिथेच थांबा, मी येतोय. नियमच आहे तो."

मी त्यांच्या समोरच्या बाकावर बसले.

"एक उदाहरण विचारू? पुस्तकातलं नाही." त्यांनी वही मिटली. "माझी ताई इथून साठ किलोमीटरवर राहते. दोन वर्षांपूर्वी भाऊजींच्या छातीत कळ आली. तिने थेट मला फोन केला. दारात जीप होती, तिला चालवता येते. मी म्हणालो, थांब, मी निघालोच. जायला तास, त्यांना घेऊन इथल्या हॉस्पिटलात यायला तास. भाऊजी गेले. डॉक्टर म्हणाले, तासाभरात आणायला हवं होतं. तेव्हापासून ताई भांडतसुद्धा नाही. फोन उचलते, बरी आहे म्हणते, ठेवते. मला एवढंच कळायला हवंय. तीही भाऊजींना जीपमध्ये घालून निघाली असती, तर किती वेळ वाचला असता? याच्यासाठीच वर्गाला येतोय, बाई."

उत्तर मला दिसत होतं. चाळीस वर्षांच्या शिकवण्यात पहिल्यांदा वाटलं, की चुकीचं उत्तर सांगून मोकळं व्हावं. मी खडू त्यांच्या हातात दिला.

"जीपचा वेग किती धरायचा?"

"त्या वळणांवर ताई चाळीसच्या वर जात नाही. मी साठ."

"मग भेटायला लागणारे तास क्ष धरा."

त्यांनी लिहिलं, साठ क्ष अधिक चाळीस क्ष बरोबर साठ. या वेळी दुसऱ्या गाडीचा वेग शून्य नव्हता. क्ष आला शून्य पूर्णांक सहा दशांश तास, म्हणजे छत्तीस मिनिटं.

"छत्तीस मिनिटांत मी छत्तीस किलोमीटर," ते म्हणाले. "बरोबर तिथे पेट्रोल पंप आहे. तिथून परत छत्तीस मिनिटं. बहात्तर झाली. लागली एकशेवीस." खडू फळ्यावर टेकलेलाच होता. "अठ्ठेचाळीस मिनिटं, बाई."

"पण बहात्तरही तासाच्या वरच आहेत ना!" मी घाईघाईने म्हटलं. "तासात पोचायचं तर अर्ध्या तासात भेटायला हवं होतं. आता तुमचा वेग क्ष धरा. अर्ध्या तासात साठ किलोमीटर, म्हणजे क्ष अधिक चाळीस बरोबर ताशी एकशेवीस."

"ऐंशी," ते म्हणाले. "त्या रस्त्याला ऐंशी? तिसऱ्या वळणाला मी दरीत."

"मग झालं तर!"

मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी मान हलवली.

"डॉक्टरांचा तास काय घड्याळ लावून असतो का, बाई? अठ्ठेचाळीस मिनिटं माझ्या त्या 'थांब'मुळे गेली. आणि ताईसमोर मी दोन वर्षं नुसता नियम नियम करत बसलोय."

मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि स्वतःच्या घाईची लाज वाटली. त्यांनी तिथेच फोन लावला. कानाला न लावता स्पीकर लावून हातात धरला, म्हणून पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"ताई, बरी आहेस का विचारायला नाही केला. मी चुकलो. तुला निघ म्हणालो असतो तर अठ्ठेचाळीस मिनिटं वाचली असती. कदाचित तेवढीही पुरली नसती. पण वाचली असती."

खाली मशीन खडखडत होतं. मला वाटलं, फोन ठेवला तिने.

"जीप सुरू केली होती मी," ताई म्हणाली. "तुझं ऐकून बंद केली. दोन वर्षं स्वतःलाच विचारतेय, का ऐकलं मी."

सायरननी डोळे पुसले. "येऊ का ताई? आत्ता?"

"ये."

"मग तू तिथेच..." आणि ते अडखळले. चोवीस वर्षांची सवय होती. एकदा फळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, तूही निघ. वाटेत पेट्रोल पंप आहे ना, तिथे भेटू."

"माझ्यापासून किती लांब आहे तो?"

मी सांगणार होते.

"चोवीस किलोमीटर," ते म्हणाले. "छत्तीस मिनिटं लागतील. दोघांनाही."

पलीकडे किल्ल्या वाजल्या. "निघाले," ताई म्हणाली.