प्रोसेसरचं कुंकू

ताडकळसात माणूस किती मोठा झाला हे त्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवर किती शुभेच्छुकांची मुंडकी आहेत यावरून ठरतं. पूर्वी दहा-बारा पुरायची. आता साठ-सत्तर लागतात, आणि त्यातला प्रत्येक जण भावी काही ना काही असतो. ही मुंडकी फोटोतून कापून, गोरी करून, ओळीत बसवण्याचं काम आमच्या शेजारच्या भागवतची पोरगी विजयमाला करते. तिचा जुना लॅपटॉप तिसाव्या शुभेच्छुकापर्यंत कसाबसा जायचा आणि एकतिसाव्याला मान टाकायचा.

म्हणून नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. पैसे तिने स्वतः साठवलेले होते. त्यामुळे निर्णय घ्यायला भागवतचे थोरले भाऊ शिवप्रसाद आले.

शिवप्रसादांचं बसस्टँडजवळ खत-बियाण्यांचं दुकान आहे. बाजेवर बसून त्यांनी आधी चहा घेतला, मग निकाल दिला. "परभणीला आपल्या ओळखीचं दुकान हाय. तयार कॉम्प्युटर आणू. खोक्यातून काढला की चालू. माझ्या दुकानात मागच्या बाजूला जागा हाय, तिथं ठिवू. पोरीनं दुपारी येऊन तिथंच काम करावं. जमलं तर आमची बिलं पण करावी."

"मोठे बाबा, तयार न्हाई घ्यायचा," विजयमाला म्हणाली. "सुटे भाग मागवते, मीच जोडते. अन् ठेवायचा हितं, समोरच्या खोलीत."

"जोडते म्हंजे? कॉम्प्युटर हाय का गोधडी?"

"तयारला वरून लाल-निळे दिवे देतेत. आत काय कोंबलंय ते कुणी सांगत न्हाई. मला मेमरी पायजे, दिवे नकोत."

"अन् बिघडला तर? दुकानदार एक असला तर जाऊन त्याची गचांडी धरता येती. तू धा ठिकाणचा माल आणणार. धरायची कुणाची?"

मुद्दा बिनतोड होता. आपल्याकडे वॉरंटी म्हणजे शेवटी गचांडीच असते, बाकी कागद नुसते फाइलला लावायचे.

"माझी धरा," विजयमाला म्हणाली.

शिवप्रसादांना पुतणीने असं तोंडावर बोललेलं नवीन होतं. त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांच्या साक्षीने अट घातली. जोडल्या दिवशी चालू झाला तर तिचा. नाही झाला तर सुटे भाग परत, आणि तयारचा येणार तो दुकानात. भागवतने मान हलवली, पण होय म्हणून की नाही म्हणून ते कुणालाच कळलं नाही.

भाग आले. रविवारी सकाळी समोरच्या खोलीत चादर अंथरली. लग्नाला यावी तशी गल्ली जमली, मीही माझी खुर्ची घेऊन गेलो. विजयमाला हात धुवायला आत गेली आणि तेवढ्यात तिच्या आईने, पार्वतीबाईंनी, पूजेचं ताट आणलं. त्या घरात मिक्सरपासून ट्रॅक्टरपर्यंत हळदकुंकू लागल्याशिवाय काही चालू झालेलं नाही. पण ट्रॅक्टर एका अंगाने आला होता. हा तुकड्यातुकड्यांनी आला होता. पार्वतीबाईंनी मनात किंतू ठेवला नाही. सगळी खोकी उघडली आणि एकेका तुकड्याला हळदकुंकू वाहून वर अक्षता टाकल्या. त्यात एक चौकोनी, चांदीसारखा चकचकीत तुकडा होता. तो त्यांना सगळ्यांत आवडला, त्याला त्यांनी हात सैल सोडून कुंकू लावलं.

विजयमाला बाहेर आली आणि थबकली. "आई, हा प्रोसेसर हाय. याच्यावर पेस्ट लावून पंखा बसवायचा असतो. कुंकू पुसावं लागंल."

पार्वतीबाईंनी ताट खाली ठेवलं.

"पुसावं लागंल म्हंजे?" पार्वतीबाई म्हणाल्या. "नव्या वस्तूचं कुंकू पुसतेत का कुठं?"

"म्हणून म्हणलं तयार घ्या," शिवप्रसाद म्हणाले. "वरच्या डब्याला लागलं असतं. आतल्याला पत्ता पण लागला नसता."

विजयमालाने कापूस स्पिरिटमध्ये बुडवला. आईने तिचं मनगट धरलं. "माझ्या घरात न्हाई."

"मग चालू हुणार न्हाई."

"न्हाई तर न्हाई."

दारात गल्लीतली म्हातारी चांगुणाबाई बसली होती. नवरा गेल्यापासून हळदकुंकवाच्या वेळी ती दारातच बसते. आत ये म्हणायचं कुणाला सुचत नाही, आणि तिथून ऊठ म्हणायची कुणाची छाती नाही. ती उठली आणि सरळ आत आली.

"दे तो कापूस हिकडं."

"माय, तुमी कामून..." पार्वतीबाई म्हणाल्या.

"माझं पुसलं तवा चौघींनी धरलं हुतं. कपाळ सोलून निघालं. तवा कुणी म्हणलं न्हाई की पुसू नका. तू पण हुतीस, पारू." तिने कापूस घेतला. "ह्या एवढ्याशा पत्र्याचं कोण मेलंय?"

पार्वतीबाईंनी लेकीचं मनगट सोडलं.

चांगुणाबाईने लेकराचं तोंड पुसावं तसं हलक्या हाताने कुंकू पुसलं. मग करंड्यात स्वतःचं बोट बुडवलं आणि रिकाम्या कॅबिनेटला ठसठशीत टिळा लावला. "घ्या. वरच्या डब्याला लागलं. आता ह्यो पण तयार माल झाला, शिवप्रसाद."

शिवप्रसाद छताच्या पंख्याकडे बघू लागले. चांगुणाबाई परत दारात गेली नाही. चादरीच्या कडेला मांडी घालून बसली.

विजयमालाने जोडायला घेतलं. स्क्रू पिळले, वायरी खोचल्या, बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. शिवप्रसादांनी सावकाश मोबाइल काढला आणि परभणीचा नंबर शोधायला लागले. त्यांना वाईट वाटत होतं असं ते म्हणाले.

पोरीने झाकण काढलं, टॉर्च धरला आणि मेमरीची पट्टी उपसली. खाचेत तांदळाची एक कणी बसली होती. तिने ती पिनेने उचकून आईच्या तळहातावर ठेवली. पट्टी परत दाबली, बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला.

शिवप्रसादांनी मोबाइल खिशात टाकला. "चालू झाला. चांगलं झालं. तुझाच हाय, कोण न्हाई म्हणतंय? पण हितं धूळ लय. उद्या गाडी पाठवतो, दुकानात नीट काचेत ठिवू. आपल्याच घरचं दुकान. चारजण बघतेल पण..."

भागवत उठला. कोनाड्यातून हातोडा घेतला आणि कॉम्प्युटरमागच्या भिंतीत, वायरीचा बोर्ड बसवायला, लाकडी गुल्ली ठोकू लागला. शिवप्रसादांनी आवाज चढवला तसा त्याने घाव चढवला. पोपडे शिवप्रसादांच्या पांढऱ्या शर्टावर पडत होते.

"अरे, मी काय बोलायलोय?"

"ऐकायलोय, दादा," भागवत म्हणाला. "जरा सरकून बसता का? दुसरी गुल्ली तुमच्या डोक्यामागं यायलीय."