लकवा मारलेलं घड्याळ

“याही, याना काटा ते उभाच शे!”

होणाऱ्या व्याह्याला हाक देत कळसाडीच्या चुनीलालने तबकातलं घड्याळ दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर शेपटीने उचलावा तसं, सगळ्या बैठकीला दाखवलं. ब्राह्मणपुरीच्या रूपचंदनानांच्या ओट्यावरची सगळी डोकी तिकडे वळली. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. नानांची मुलगी गजरा चुनीलालच्या पुतण्याला, रतिलालला, द्यायची ठरली होती. नवरदेवाच्या तबकात फेटा होता, कापड होतं, नारळ होता आणि ऐन मधोमध हे घड्याळ.

नानांचं चुनीलालकडे लक्षच नव्हतं. ते घड्याळाकडेच बघत होते. तबकात ठेवायला त्यांनी नंदुरबारहून एक सोनेरी, गुटगुटीत, बाजारात ढिगाने मिळणारं घड्याळ आणलं होतं. हे ते नव्हतं. हे त्यांचं काळं होतं!

पन्नास-साठच्या त्या दिवसांत तापीकाठी कापूस पिकवणारे पुष्कळ होते, केळी लावणारे त्याहून पुष्कळ. पण स्विस बटणवाली घड्याळं जमवणारा गुजर एकच. कापूस विकला की नाना नंदुरबारला गाडीत बसत आणि सुरतेच्या जुन्या बाजारात उतरत. घरी परतणारे साहेब, लढाईतून आलेले शिपाई, बंदरात उतरलेले खलाशी, सगळ्यांची घड्याळं फिरत फिरत तिथे येत. बड्या नावाच्या घड्याळाला नाना हातही लावत नसत. “ते काय, कोन्हाबी गिरणीवालाना हातवर दखास,” असं म्हणून नाक मुरडत. त्यांना हवी असत कुणी नाव न ऐकलेल्या कारखान्यांची, आणि त्यातही वेगळ्या तोंडाची. आतलं यंत्र एकच, पण एकाच्या तबकडीवर मोटारीचा वेग मोजायचे आकडे, दुसऱ्याच्या तबकडीवर फुटबॉलच्या खेळाचे. एकाला दोन बटणं, एकाला एकच. एक घड्याळ त्यांनी एका बोटीच्या कप्तानाकडून केळीच्या घडावर मिळवलं होतं. केळी खाताना कप्तानाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ‘अजून एक घड दिलास तर बोटही देतो’ असं तो म्हणाला, हे नाना शपथेवर सांगत. बोट ठेवायला तापीला पाणी पुरत नाही, म्हणून नानांनी नकार दिला.

या सगळ्यांत काळं घड्याळ म्हणजे राजा. त्याच्या कडेला तोफेचे आकडे होते. तोफेचा उजेड दिसला की बटण दाबायचं, आवाज आला की पुन्हा दाबायचं, तोफ किती दूर आहे ते लाल काटा दाखवतो. आणि त्याच्या आत नाडीचे आकडे. तीस ठोके होईस्तोवर काटा पळवायचा, तो थांबेल तिथे मिनिटाची नाडी. तोफ आणि नाडी एकाच तबकडीवर असलेलं दुसरं घड्याळ नानांना साऱ्या सुरतेत दिसलं नव्हतं. आषाढात सातपुड्यावर वीज चमकली की ते ओट्यावर बसून बटण दाबत आणि जाहीर करत, “तोरणमाळवर पडनी.” तोरणमाळहून कुणी आलं तरी त्याला ते विचारायला जात नसत. त्यांना खात्रीच असे.

फक्त एक होतं. असल्या घड्याळाचा मोठा काटा बटण दाबल्याशिवाय हलत नाही. रोजचे सेकंद मोजणारा काटा वेगळा, बाजूच्या छोट्या वर्तुळात, मोहरीएवढा. त्यामुळे बाजारात, बांधावर, देवळात नानांना जो भेटे तो म्हणे, “नाना, तुमनं घड्याय बंद शे.” नाना हसून सोडून देत. पण ते बोलणं मुलीच्या तबकापर्यंत पोचेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

नवऱ्या मुलाचे वडील प्रेमचंद समजूतदार माणूस. त्यांनी घड्याळ कानाला लावलं.

“जीव शे यामा. टिकटिक करी ऱ्हायनं.”

“जीव शे पन हातपाय हालतस नही,” चुनीलाल म्हणाला. “याले लकवा मारेल शे, दादा! लकवा मारेल घड्याय जवाईले? सुपारीना दिन?”

ओट्यावर कुजबुज सुरू झाली. एका म्हाताऱ्याने सुपारी हातातून खाली ठेवली. नानांनी दाराकडे पाहिलं. दारात सुगंधाबाई उभ्या होत्या, नानांच्या कारभारीण, आणि त्यांचं तोंड उतरलं होतं. घड्याळ त्यांनीच बदललं होतं. सर्वांत भारी हेच, असं वर्षानुवर्षं नवऱ्याच्या तोंडून ऐकलेलं. मग पोरीसाठी भारी ते द्यायचं नाही तर काय बाजारू द्यायचं? आता त्यांनी पदराआडून ते सोनेरी घड्याळ हळूच दाखवलं आणि डोळ्यांनी विचारलं, आणू का?

प्रेमचंदनेही वाट करून दिली. “नाना, गडबडमा चूक व्हई जास. घरमा दुसरं व्हई ते ठी द्या. आमले काही वाईट वाटाव नही.”

बस. मान एकदा हलवायची होती. हो, बिघडलंय, एवढंच म्हणायचं होतं. सोनेरी तबकात आलं असतं, सुपारी फुटली असती, गजराचं लग्न झालं असतं, आणि काळं घड्याळ जन्मभर नानांच्या पेटीत राहिलं असतं. देव सहसा इतकं स्वस्त काही देत नाही. नानांनी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात चुनीलालने प्रेमचंदच्या हातातलं घड्याळ परत घेतलं आणि चिमटीत धरून हलवलं. काटा सुटतो का ते बघायला.

“ठेव ते खाले!” नाना गरजले. मग आवाज आवरून म्हणाले, “चुनीलालभाऊ, लकवा घड्यायले नही. आनी चूकबी व्हयेल नही. मीच ठेयेल शे ते. जवाईबापू, हात द्या इकडे.”

रतिलालने बिचकत हात पुढे केला. नानांनी घड्याळ उचललं, त्याची नाडी धरली आणि बटण दाबलं. लाल काटा टुणकन निघाला. “चालनं रे!” कोणीतरी ओरडलं. “गप बठा,” नाना म्हणाले आणि ठोके मोजू लागले. नेमकं तेव्हाच सुगंधाबाईंनी, बैठकीचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून, गजराला पानाचं तबक देऊन बाहेर पाठवलं. गजरा उंबऱ्याशी आली आणि नानांच्या बोटांखाली रतिलालची नाडी दौडू लागली. तीस झाले. बटण दाबलं. काटा थांबला.

“मिनिटले सव्वाशे!” नानांनी घड्याळ प्रेमचंदपुढे धरलं. “याही, घड्याय चांगलं शे. लकवा नही, पोऱ्याले ताप शे. त्याले औषध मन्हा घरमा शे, आते तुम्हीच ली जा!”

ओटा हसून हसून लोळला. गजरा तबक टाकून आत पळाली. चुनीलाल तर सर्वांत जोरात हसला आणि मनगट पुढे करून बसला, “मन्ही मोजा, नाना, मन्हीबी मोजा.” सुपारी फुटली. प्रेमचंदने स्वतःच्या हाताने काळं घड्याळ लेकाच्या मनगटावर बांधलं.

पाहुणे गेल्यावर सुगंधाबाई म्हणाल्या, “हो म्हनाले काय जीभ झडती तुमनी? वाचतं ना घड्याय.”

“जित्ताले मरेल सांगीसन घरमा कसा ठेवू?” नाना म्हणाले आणि सोनेरी घड्याळाला चावी द्यायला बसले.

लग्नानंतरच्या अक्षय्यतृतीयेला नाना कळसाडीला गेले. पुरणाचे मांडे झाले होते. रतिलाल शेजारच्या पाटावर बसला होता. बाही मुद्दाम वर दुमडलेली, काळं घड्याळ उघडं, आणि त्यावर लाल काटा गरगर फिरत होता. काही मोजायचं नव्हतं. नुसताच फिरत होता.

“दखं का, याही?” प्रेमचंद अभिमानाने म्हणाले. “ज्या दिवसफाईन आनं तवयफाईन रातदिन चालू ठेयेल शे आम्ही. तुमनं घड्याय बंद शे असं कोन्ही म्हनाले नको. तुमना मान शे ना त्यामा.”

तो काटा कामापुरता पळवायचा असतो. सतत पळवला की आतली केसासारखी चाकं झिजतात, घड्याळ मागे पडत जातं आणि एक दिवस खरंच थांबतं. हे त्या ओसरीवर एकट्या नानांना ठाऊक होतं. त्यांनी बटणाकडे पाहिलं. ते त्यांच्या हातापासून वीतभर लांब होतं.

“बरं करतस,” नाना म्हणाले. “चालू ऱ्हाऊ द्या.”

गजरा तुपाचं भांडं घेऊन वाढायला आली होती. पुरे म्हणून ताटावर हात आडवा धरायचं नानांच्या लक्षात राहिलं नाही. ती वाढत राहिली, आणि तूप मांड्यावरून ओघळून ताटाच्या काठापर्यंत आलं.