विहिरीवरचा हबशी

दुसरबीडजवळ निवृत्ती आबांच्या शेतात, विहिरीला लागून एक लेख कोरलेला काळा दगड आहे. त्याखाली हबश्याचं भूत आहे, असं सगळं गाव मानतं. हबशी म्हणजे सुलतानांच्या काळात आफ्रिकेतून इकडे आणलेला शिपाई. ते भूत उठू नये म्हणून आबांच्या घरचा कर्ता पुरुष दर पेरणीआधी दगडाच्या डोक्यावर टाकीचा एक घाव घालतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणे; या बापड्याने पिढ्यान्‌पिढ्या सोसले, तरी भूत ते भूतच राहिलं!

आबांची नात पुष्पांजली नववीत. इतिहासाच्या तासाला सौमित्र सरांनी वर्गाला सांगितलं होतं, "पुस्तकातले हबशी पुरे. आपल्या शिवारातले शोधा, आणि शाळेत गावासमोर सांगा." पोरीने मनावर घेतलं. भर दुपारी ती एकटी दगडापाशी गेली. अक्षरांवरून हात फिरवताना मानेवर कुणाचा तरी श्वास लागला. वळून पाहिलं तर कुणी नव्हतं. तिची पाचावर धारण बसली, पण फोटो काढूनच ती हलली.

देऊळगाव राजाच्या एका मौलवींनी त्यातली फारसी वाचून दिली. दुष्काळात या हबश्याने ही विहीर खोदली आणि पाणी सगळ्यांना मोकळं ठेवलं. पहिल्या ओळीत त्याचं नाव होतं, पण टाकीच्या घावांनी तेवढाच दगड ठेचून गेला होता.

त्या दिवसापासून पाणी तिच्या घशाखाली उतरेना. ज्याचं पितो, त्यालाच ठोकतो! कळशी भरायला वाकली की पाण्यात तिच्या शेजारी आणखी एक चेहरा हलायचा.

तिने आबांना सगळं सांगितलं.

"चारचौघात घरची अब्रू काढतं काय व?" ते म्हणाले. "विहिरीचं सांग. नावाचं नोको सांगू."

तिला आबाही हवे होते आणि खरंही सांगायचं होतं. शाळेत तिने विहिरीचं सांगितलं. मग म्हणाली, "दगडावर त्याचं नाव होतं. ते..." तिची नजर मागे बसलेल्या आबांकडे गेली.

"काऊन थांबली? कोनं फोडलं ते?" कुणीतरी विचारलं.

मागच्या बाकावरून आबा उठले. डोक्यावरची टोपी त्यांनी हातात घेतली.

"मी. माह्या बापानं, त्याच्या बापानं." त्यांनी सरांकडे पाहिलं. "सर, आता माफी मांगाची त कोन्या नावानं मांगू?"