भिंतीकडे तोंड केलेला पाट

मी एक पाट बोलतोय. सागवानी, चार बोटं उंच, कडेला पितळेची फुलं ठोकलेला. फुलं बारा होती, आता अकरा आहेत. बाराव्याच्या जागी नुसता खळगा आहे.

माझं लाकूड मेळघाटातलं. दर्यापूरच्या नत्थुजी सुतारानं १९५१ साली मला घडवलं, अमरावतीच्या एका वकिलांच्या मुलीच्या रुखवतात मांडायला. मुलीचं नाव कुंदा. मांडवातल्या धांदलीत कुणीतरी माझ्यावर लोखंडी पेटी आदळली आणि एक फूल उडालं. सासरी अकोल्याला आलो तो असाच.

आम्हा पाटांना माणसं बसण्यावरून कळतात. कुंदाबाई माझ्यावर टेकायच्या त्या अशा, की आत्ता उठून पळतील. पंगतीत भांड्यांचा खणखणाट, चौघींचं एकदम बोलणं, वाढणाऱ्यांचा आग्रह. त्या मान खाली घालून बसायच्या आणि पदराआडून बोट माझ्या फुलांवरून फिरवायच्या. अकरा फुलं, खळगा, की पुन्हा पहिल्यापासून.

"सून शिष्ट आहे हो," सासूबाई दुर्गाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "माणसाकडे बघून बोलेल तर शपथ!"

मग चातुर्मास आला. घरोघरी बायका नेम धरतात, कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी एकभुक्त राहतं. कुंदाबाईंनी मौनभोजनाचा नेम घेतला. एकच पाट, भिंतीकडे तोंड, एक वाटी वरणभात, शब्द नाही. त्या दिवशी पहिल्यांदा त्या माझ्यावर सगळा भार टाकून बसल्या.

चातुर्मास संपला, नेम काही संपला नाही. त्यात पिंपळाच्या एकशे आठ प्रदक्षिणा आल्या, रोज त्याच वेळेला. लग्नमुंजीच्या पंगती सुटल्या. शेजारच्या जयवंताबाई म्हणायच्या, "दुर्गाबाई, तुमची सून म्हंजे देवीच हाय. मले तं चूप बसून एक घास जात नाही!" हळूहळू सासूबाईंनाही सुनेचा अभिमान वाटू लागला. मालक मोरोपंत शाळामास्तर. ते काही विचारत नसत. पाण्याचा तांब्या रोज बायकोच्या डाव्या हाताशी ठेवून गुपचूप निघून जात.

१९५८ साली अनुपमा झाली. पाचवं सरलं तरी पोर बोलेना. बसायची ती माझ्यावरच, भिंतीकडे तोंड करून. जेवायची वरणभात, त्याच वाटीत. तुळशीभोवती फिरू लागली की उचलूनच आणावी लागे. गल्लीत कर्णा वाजला की कानावर हात ठेवून किंचाळायची. आणि तिचं इवलं बोट माझ्या फुलांवरून फिरायचं. अकरा, खळगा, पुन्हा पहिल्यापासून.

आईसारखंच सगळं. पण याला कुणी नेम म्हणेना.

"पोरीले बाहेरचं लागलं," जयवंताबाई हळूच म्हणाल्या. दुर्गाबाईंनी एकदा मला ओढून माणसांकडे वळवलं आणि पोरीला दाबून बसवलं. ती किंकाळी माझ्या लाकडात अजून आहे. कुंदाबाई आल्या आणि त्यांनी मला पुन्हा भिंतीकडे फिरवलं. मग सोळा सोमवार धरले. अंबादेवीला ओटी बोलल्या, "माझी पोर चारचौघींसारखी होऊ दे."

१९६४ मध्ये अमरावतीला मुंबईहून शिकून एक डॉक्टर आले. पोर दुसरीकडे कुठं बसत नाही, म्हणून चादरीत गुंडाळून एसटीनं मीही गेलो. डॉक्टर दोन दिवस फरशीवर मांडी घालून तिला बघत बसले. मग म्हणाले, "याला ऑटिझम म्हणतात. ठरलेली जागा लागते, ठरलेला घास लागतो. गोंगाट सोसत नाही. अशी मुलं नजर देत नाहीत. एकच फेरी तासन्‌तास घालतात."

कुंदाबाई माझ्या शेजारी जमिनीवर होत्या. त्यांचं बोट फुलांवरून फिरत होतं, ते खळग्यात थांबलं.

"पुस्तकं सांगतात, आईची माया कमी पडली की असं होतं," डॉक्टर जरा अवघडून म्हणाले. "काही महिने मुलीला आईपासून दूर ठेवावं. नागपूरला सोय आहे. चिठ्ठी देतो."

"मग ठेवू या," दुर्गाबाई म्हणाल्या. "बरी होऊन येईल बिचारी."

मोरोपंतांनी बायकोकडे पाहिलं. कुंदाबाई भिंतीकडे बघत होत्या.

"डॉक्टरसाहेब, हे माझ्याबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमचं नाही बाई, मुलीचं सांगतोय."

"माझंच आहे ते. पिंपळाच्या फेऱ्या, वाटीभर वरणभात, भिंतीकडे तोंड. बारा वर्षं लोक त्याला व्रत म्हणतात. मी देवासाठीच केलं, खोटं नाही सांगत. पण मला ते आधीपासून हवं होतं. नेम मिळाला म्हणून मी तगले. मायेत काही कमी नाही हो. मी तिच्याकडे बघत नाही, ती माझ्याकडे बघत नाही. तरी आम्हाला एकमेकींचं कळतं."

दुर्गाबाईंनी सुनेचं खळग्यातलं बोट पहिल्यांदा पाहिलं. डॉक्टरांनी चष्मा काढला. "मोठ्या माणसांबद्दल पुस्तकात काहीच दिलेलं नाही, बाई."

"मग तुम्ही लिहा."

डॉक्टर हसले आणि चिठ्ठी त्यांनी फाडून टाकली.

घरी आल्यावर मात्र कुंदाबाई कित्येक दिवस रडत होत्या. आपल्याला काय काय सोसावं लागलं ते त्यांनाच ठाऊक, आणि तेच पोरीच्या वाट्याला यायचं होतं. एका दुपारी अमरावतीला जाऊन, देवळात गर्दी नसताना, त्यांनी अंबादेवीची ओटी भरली. या वेळी मागणं निराळं होतं: "ती आहे तशी राहू दे. तिची जागा तेवढी तिला मिळू दे."

पोरीनं मला घेतल्यापासून त्या स्वतः जमिनीवरच जेवत होत्या. म्हणून त्यांनी सांगितल्यावरून म्हातारा नत्थुजी स्वतः घेऊन आला दुसरा पाट. अगदी माझ्यासारखा, चकचकीत, बारा फुलांचा. अनुपमानं कडेवरून बोट फिरवलं आणि पाट ढकलून दिला. आजीनं गूळ दाखवला, बापानं हात जोडले. छे!

कुंदाबाईंनी नत्थुजीच्या पिशवीतली पक्कड घेतली आणि एक फूल उपटून काढलं.

"अवं बाई, हे काय करून राहिल्या? मोजून बारा ठोकले ना मी!"

"तिला खळगा लागतो."

"तुमाले कसं समजलं?"

"मलाही लागतो."

पोर नव्या पाटावर सगळा भार टाकून बसली, आणि कुंदाबाई पुन्हा माझ्यावर.

आता १९६८ चालू आहे. अनुपमा दहा वर्षांची आहे, मोजके शब्द बोलते. माझी फुलं फिकी पडलीत, एक पाय डुगडुगतो. पाहुणे आले की दुर्गाबाईच दारात सांगतात, "जेवताना त्या दोघींना हाक मारू नका. गप्पा माझ्याशी मारा." कुंदाबाईंसारखी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि अशी सासूही.

तुमच्या पंगतीत कुणी भिंतीकडे तोंड करून बसलं, तर एवढं करा, त्याचा पाट फिरवू नका.

रोज ताटं वाढली की अनुपमा हात लांब करून माझ्या खळग्यात बोट ठेवते. कुंदाबाई तिच्या पाटाच्या खळग्यात ठेवतात. कुणी कुणाकडे बघत नाही. मग दोघी पहिला घास घेतात.